रडणं गाळून सांगितलेले सिनेमे

तो सिनेमा वाईट होता. मी हे तेव्हाही म्हणाले होते आणि आता केस पांढरे झाल्यावरही म्हणते. सुनेने चोरी केलेली नाही, हे आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. तिला स्वतःला तर आधीपासूनच माहीत असतं. तरी पुढचे अडीच तास ती तोंड उघडत नाही. ‘मी दागिना घेतला नाही,’ एवढं ती म्हणाली असती तर सगळे वेळेवर घरी जाऊन जेवले असते. त्याऐवजी ती विहिरीपाशी रडते, तुळशीपाशी रडते, गोठ्यात गायीच्या गळ्यात पडून रडते आणि शेवटी, जिने घराबाहेर काढलं त्या सासूचेच पाय धरून क्षमा मागते. कशाची क्षमा, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

आम्ही बेंगळूरचे मराठी. चिकपेटेत खाली कापडाचं दुकान, वर घर. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इथे आले असं सांगत; कशासाठी आले, ते मात्र प्रत्येक जण वेगळं सांगे. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि मधल्या जिन्यावर जी बोलली जाई तिला नाव नव्हतं; तिच्यात ‘ठीक’ला ‘सरी’ म्हणत आणि ‘जरा’ला ‘स्वल्प’. घराचे कर्ते माझे थोरले काका. सारी पेठ त्यांना अण्णा म्हणे, म्हणून आम्हीही. त्यांची बायको, माझी थोरली काकू, ती सगळ्यांची अक्का.

थिएटरांचा रस्ता आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर होता. तिथे एका ओळीत कन्नड, तमिळ, तेलुगू आणि हिंदी सिनेमे लागत, आणि सतराव्या वर्षापर्यंत मला चारही भाषांतलं रडणं समजायला लागलं होतं. शेजारच्या दोघी बायकांबरोबर गुरुवारी दुपारच्या खेळाला जायची मला परवानगी होती, पण एका अटीवर. पाहिलेला सिनेमा शुक्रवारी दुपारी, देवळामागच्या खोलीत हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना सांगायचा. आमच्यातली ही रीत जुनी. आधी तिथे एक म्हातारी पुराण सांगे. तिचे दात गेले, तसं बायकांनी मला पाटावर बसवलं.

मी नुसती गोष्ट सांगत नसे, मतं देत असे. कन्नड पौराणिक सिनेमात राक्षस देवापेक्षा चांगला बोलतो आणि तो मेल्यावर पुढे बघण्यासारखं काही उरत नाही, हे मी देवळात बसून सांगितलं. कोट घालून डोंगरात गाणारा हिंदी नायक पोटासाठी काय करतो, हे अख्ख्या सिनेमात कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारलं. तमिळ सिनेमातल्या आईचं कोर्टातलं भाषण मात्र मी उभं राहून करून दाखवलं, कारण ते बसून करण्यासारखं नव्हतंच. काही जणी नाक मुरडत, पण पुढच्या शुक्रवारी त्याच आधी येऊन बसत. रडणं मी गाळत असे. नायिकेने डोळ्याला पदर लावला की मी सरळ पुढच्या प्रसंगावर उडी मारी. रडण्यात सांगण्यासारखं काही नसतं, असं माझं ठाम मत होतं.

पण माझा पहिला खेळ गुरुवारी संध्याकाळीच होई, स्वैपाकघरात, एकट्या अक्कासाठी. ती शुक्रवारच्या बायकांतही नसे. तिला कोणी मनाई केलेली नव्हती. एवढंच, की दुपारचा खेळ तीनला सुरू होई आणि चारला दुकानात कॉफी जावी लागे, आणि अण्णांना डिकॉक्शन अक्काच्याच हातचं लागे. लग्नाआधी तिने गावात एक मूकपट पाहिला होता. त्यातली पळणारी घोडी तिला अजून आठवे. या घरात आल्यापासून एकही सिनेमा नाही. तांदूळ निवडत ती माझं ऐके आणि मी थांबले की विचारी, “नंतर?” तिच्यापाशी जो काही सिनेमा होता तो सगळा माझ्या तोंडून आलेला होता, आणि मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू?

अण्णा आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस. बेंगळुरात मराठी सिनेमा आणायचा, या हट्टापायी त्यांनी कितीतरी महिने पुण्याला पत्रं लिहिली. अखेर यशवंतपूरच्या स्टेशनात सिनेमाची पत्र्याची पेटी उतरली. मंडळींनी तिला हार घातला, नारळ फोडला, झाकणावर हळदकुंकू वाहिलं आणि जटक्यातून, म्हणजे घोडागाडीतून, मिरवत आणली. रविवारी सकाळी एका थिएटरात खेळ झाला. सगळे जरीचं नेसून आले होते. पडद्यावरचं शुद्ध बोलणं ऐकून मोठी माणसं माना डोलवत होती. मला मात्र वाटत होतं, की ही पडद्यावरची माणसं आमच्या जिन्यावर आली असती तर आमच्या बोलण्याला त्यांनी मराठी म्हटलं नसतं. आणि आम्ही त्यांच्या पेटीला कुंकू लावून बसलो होतो.

अक्का तेव्हाही आली नव्हती. खेळानंतर लांबून आलेल्यांचं जेवण आमच्याकडेच होतं ना.

पानं उठल्यावर मी तिला सिनेमा सांगितला. दहा मिनिटं लागली, कारण रडणं काढलं तर त्यात तेवढंच उरत होतं. मग मला काय वाटलं तेही सांगितलं, आणि ते काही हळू आवाजात नव्हतं. दारात अण्णा उभे होते.

“शुक्रवारी बायकांना काय सांगणार आहेस?” त्यांनी विचारलं.

“हेच.”

“पुढच्या महिन्यात दुसरी पेटी मागवायची आहे. बायका तुझं ऐकतात. आपल्या भाषेतला सिनेमा आहे, चांगला होता म्हणायचं. सरी?”

“पण नव्हता चांगला.”

“मग गुरुवारचं जाणं बंद.”

माझं बंद म्हणजे अक्काचंही बंद. ती परातीतल्या पिठाकडे बघत होती. मला फार राग आला, आणि रागात मी शहाणपणाचं वाटेल असं काहीतरी बोलून गेले. पेटी परत जाण्याआधी गुरुवारी सकाळी, राहिलेल्यांसाठी, आणखी एक खेळ होता. मी म्हटलं, “अक्काला पाहू दे. तिने चांगला म्हटलं तर मीही देवळात चांगला म्हणेन. तिने वाईट म्हटलं तर मला जे वाटतं ते सांगेन, आणि माझं जाणं चालू राहील.”

अण्णा हसले. “तिला काय कळतंय सिनेमातलं?” पण सिनेमा त्यांनीच आणलेला, तो बायकोला दाखवू नका असं म्हणणार कसं?

“स्वैपाक कोण करेल?” अक्काने विचारलं.

“मी करेन.”

तिने हात पुसले. “सरी,” ती म्हणाली.

मला निकालाची खात्री होती. अक्काला सिनेमा बघायला मीच शिकवला होता, असं मी धरून चालले होते. गुरुवारी ती लग्नातलं रेशमी लुगडं नेसून, मान खाली घालून, त्या शेजारणींबरोबर गेली. मी चौदा माणसांचा स्वैपाक केला. सारात मीठ दोनदा पडलं आणि पुरुषमंडळी तांब्यावर तांबे रिचवत जेवून उठली. अक्का परतली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. अण्णा जिन्यातच थांबले होते.

“चांगला होता,” अक्का म्हणाली. “फार चांगला होता.”

अण्णा मिशीत हसत दुकानात गेले. मी स्वैपाकघराचं दार लोटून घेतलं.

“अक्का, ती बोलत का नाही? एक वाक्य फक्त.”

“कोणाला सांगेल? सासूला माहीतच होतं.”

“काय माहीत होतं?”

“तिने चोरी केली नाही ते. ती विहिरीपाशी रडते तेव्हा सासू खिडकीतून बघत असते. तू खिडकी सांगितलीच नाहीस मला.” एरवी पुटपुटणाऱ्या अक्काचा आवाज चढला होता. “माहीत असलेल्याला काय सांगायचं गं? तू रडणं गाळतेस. सगळं तिथंच होतं.”

मला खिडकी आठवेना. मी बहुधा तेव्हा शेजारणीला काहीतरी टोमणा ऐकवत होते. तरी मी हरले नाही. मी म्हटलं, माहीत होतं तर मग तिने दुप्पट जोराने बोलायला हवं होतं. अक्का म्हणाली, हे तुला नाही कळायचं. आम्ही भात निवेपर्यंत भांडलो. तिच्याशी भांडता येतं, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं, आणि राग असूनही बरं वाटलं.

शुक्रवारी मी पाटावर बसले आणि म्हणाले, “सिनेमा चांगला होता, असं म्हणायचा शब्द मी दिला आहे, म्हणून म्हणते, चांगला होता. आता माझं मत सांगते. वाईट होता.”

बायका हसल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, “तिला सांगता येत नाही. स्वल्प सरक.”

अक्का होती. शुक्रवारच्या खोलीत ती कधीच आली नव्हती. मी सरकले. तिने पाटावर बसून सिनेमा सांगितला, विहीर, तुळस, गोठा आणि खिडकी, काहीही न गाळता. तिला गोष्ट नीट सांगता येत नव्हती, ती मागे जाई, पुन्हा पुढे येई, पण खोलीत कोणी हललं नाही. मीही नाही. चार केव्हा वाजून गेले कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग दारात अण्णा दिसले. दुकानात कॉफी आली नव्हती. बायकांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून ते उंबऱ्याबाहेर उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. तिला सिनेमा पाहायची किती हौस आहे, हे त्यांनाही इतकी वर्षं माहीत होतं. त्यांचा चेहरा पाहून मला ते तिथेच कळलं.

अक्काने गोष्ट थांबवली.

“आज कॉफी तुम्हीच करून घ्या,” ती म्हणाली. “आणि पुढच्या गुरुवारी मी तीनच्या खेळाला जाणार आहे.”

 “सरी,” अण्णा म्हणाले आणि गेले. अक्का पुन्हा गोठ्यातल्या रडण्याकडे वळली.

ती पुढच्या गुरुवारी माझ्याबरोबर आली, आणि नंतरही कितीतरी गुरुवारी. आमची मतं फारशी कधी जुळली नाहीत. पण त्या शुक्रवारी तिने अण्णांना जे एक वाक्य ऐकवलं, ते त्या सिनेमातल्या सुनेला अडीच तासांत सुचलं नव्हतं. म्हणून म्हणते, तो सिनेमा वाईट होता.