काळाचौकी ते गिरगाव: माझ्या गुरुत्वाकर्षणाची परीक्षा

गिरगावातल्या एका छोट्या परिषदेत बोलायला बोलावलं, म्हणून कोल्हापूरहून मुंबईला निघाले. विश्व वाढत्या वेगाने पसरतंय, आणि त्यामागे डार्क एनर्जी आहे असं बहुतेक जण मानतात. मी पीएचडीत ती वगळून, फार मोठ्या अंतरांवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलून पाहिला होता. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांच्या नोंदींशी ते छान जुळत होतं.

बस सकाळी दादरला सोडते. सामान असेल तर तिथून सरळ टॅक्सी करा. काळाचौकीला आत्याच्या चाळीत पोचले, तिने गरम घावणे वाढले, तेवढ्यात माझ्यासोबत काम करणाऱ्या निखिलचा फोन.

"नवीन डेटा लावला. तुझ्या मॉडेलमध्ये दीर्घिकांचे पुंजके फार भरभर बनतायत. आकाशात तसं दिसत नाही."

"कोडमध्ये चूक असेल रे."

"दोनदा तपासलं. आलेख पाठवलाय."

ताट बाजूला सारून मी आलेख उघडला. आत्याने विचारलं, "तोंड का एवढंसं झालंय?"

"माझं मॉडेल पडतंय गं."

"म्हणजे विश्व बंद?"

"विश्व चालेल. माझं गणित चालणार नाही."

"मग खाऊन जा. उपाशी पोटी काय सांगणार तिथे?"

लालबागहून गिरगावची बस सहज मिळते; फक्त मसाल्याच्या गिरण्यांपाशी नाकाला रुमाल लावा. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं, ते मला सोयीचंच झालं. आलेख दाखवला नाही तर आज कुणाला कळणार नव्हतं. भायखळा मागे पडेपर्यंत मी फोन नुसता हातात धरून होते. मग लॅपटॉप उघडला आणि तो आलेख भाषणाच्या स्लाइड्सच्या शेवटी जोडला.

सभागृहात पहिल्या आलेखाला माना डोलल्या. मग शेवटचा लावला. "हा आज सकाळचा."

पुढच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापिका म्हणाल्या, "म्हणजे मॉडेल पडलं?"

"या रूपात, हो."

"मग कशाने पडलं ते सावकाश सांगा."

बाहेर माटुंग्याच्या कॉलेजातली एक मुलगी थांबली होती. "मीही गुरुत्वाकर्षणात हाच बदल करायला घेतलाय. तुमचा आलेख मिळेल?" आम्ही शेजारच्या उपाहारगृहात थालीपीठ मागवलं आणि ते निवेपर्यंत गणितं मांडत बसलो.

कोल्हापूरला परतल्यावर माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिला. "पीएचडीचं एक वर्ष वाढेल," एवढंच म्हणाले. शिष्यवृत्ती तेवढी पुरेल का, ठाऊक नाही. झोप अजून नीट लागत नाही. पण त्या मुलीने विचारलं होतं, दीर्घिकांच्या आसपास हा बदल आपोआप मावळेल असं करता येईल का? तसं झालं तर पुंजके इतके भरभर बनणार नाहीत. आता रोज सकाळी तेच सोडवायला बसते.