उभे बुडखे, आडवे बुडखे

जेसीबी तलावात उतरला आणि मी त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. यात शौर्य काही नव्हतं. ड्रायव्हरला चहा प्यायचाच होता, त्याने मशीन बंद केली. उन्हाळ्याने पाणी मागे सरलं होतं आणि जुन्या बुडालेल्या झाडांचे बुडखे उघडे पडले होते. ते उपटायचं ठरलं होतं.

"मोठीमाय, हट ना," आमच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला. तो माझा पुतण्या. "मोठं जाळं दरवेळेस या बुडख्यात फाटते."

"शिवते कोण?"

"तुमीच शिवता."

"मंग तुले काय तरास?"

"जाळं शिवता येते. निसटलेला रोहू शिवता येते का?"

त्याचं खरं होतं. पण बुडखे गेले तर आम्हा बायांचं काम जात होतं. रोहू-कतला पुरुष काढतात. झिंगे आणि बारीक मासे आम्ही हातजाळ्याने धरतो आणि शहापूरच्या बाजारात विकतो. ते बुडख्यांपाशीच राहतात. बाकी तळाला गाळ. तलाव हायवेला लागून आहे. रस्त्याची माती, हॉटेलांचं सांडपाणी, सगळं आत येतं. पाण्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत.

बुडख्यांवर हिरवी खरखरीत साल चढते. अंगाला लागली की खाज सुटते, म्हणून आम्ही तिला खाजरं म्हणतो. मी ते शेवाळ समजत होते. कॉलेजच्या एक मॅडम त्याचाच अभ्यास करायला येत. त्या म्हणाल्या, हा प्राणी आहे, गोड्या पाण्यातला स्पंज. पाणी गाळून पोट भरतो. अंगात शेवाळ पोसतो, म्हणून त्याला ऊन लागतं. उन्हाळ्यात वाळतो, पाणी आलं की पुन्हा वाढतो. समुद्रातही शहराजवळच्या गढूळ पाण्यात प्रवाळ असंच उथळ जागी तग धरून असतं.

"समुद्राचं राहू द्या मॅडम. झिंगे राहतीन का?"

"खाजरं राहिलं तर राहतील. त्यांना आडोसा आणि खाणं तिथेच मिळतं."

शेवटी तोड निघाली. बुडखे मधून काढायचे आणि काठाजवळ उथळ जागी न्यायचे, जिथे मोठं जाळं ओढत नाहीत. मॅडम म्हणाल्या, उभे रोवा, आडवे टाकले तर वर गाळ बसेल.

"उभे करायले खड्डे लागते," पुतण्या म्हणाला. "आडवे राहिले तर काय मरून राहिले?"

जेसीबीवाल्याला दुसऱ्या कामाची घाई होती. त्याने बुडखे नेऊन आडवे टाकले आणि गेला. आम्ही बायांनी फावडी आणली. हलके होते तेवढे खड्डे करून उभे केले. जड होते ते तसेच राहिले. मॅडमही खणायला लागल्या. त्यांच्या हाताला लगेच फोड आले. आम्ही हसलो, त्याही हसल्या.

पावसाळा सरल्यावर मी पाण्यात उतरून चाचपलं. आडव्या बुडख्यांवर बोटभर गाळ. खाली खाजरं नाही, झिंगा नाही. उभ्यांवर गाळ टिकला नव्हता. पाण्याखाली हातभर खोलीपर्यंत खाजरं चढलं होतं. त्याखाली अंधार, तिथे लाकूड अगदी साफ. मी हातजाळं लावलं. झिंगे निघाले. पहिल्याइतके नाहीत, पण बाजारात बसता येईल इतके.

पुतण्या काठावरून म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात बाकीचेही उभे करू, मोठीमाय."

"जेसीबी कोण सांगन?"

"मीच सांगतो ना बापा."

हायवे हटणार नाही आणि पाणी माझ्या हयातीत निवळणार नाही. त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. गाळ येणारच आहे. तो अंगावर बसणार नाही असं उभं करून ठेवायचं, एवढंच काम आहे. अंगाला खाज मात्र सुटते. खोबरेल लावावं.