वेलीचा बैल

माघ वद्य तृतीया, मंगळवार, सकाळ. नळदुर्गजवळचा पानमळा. हजर : शिवाप्पाची बायको बसम्मा, धाकटा भाऊ, शेजारचे तीन मळेकरी, माझ्या शाळेतले सात विद्यार्थी आणि मी. मुलं मला न विचारता आली होती. लिंगायतांच्या रीतीनं शिवाप्पाला बसवून मूठमाती देत होते आणि मी मात्र मनात म्हणत होतो, माझ्यासाठी किती येतील?

महिना झाला, तरी तो सातचा आकडा डोक्यातून जात नाही.

शिवाप्पा पानमळेवाला. दर मंगळवारी बाजाराला येताना शाळेत डोकावायचा. निजामाच्या अमलातली आमची शाळा, मी विज्ञान शिकवायचो. झाड पाणी कसं पितं हे दाखवायला मी पांढरी शेवंती लाल शाईच्या पाण्यात ठेवली. तासाभरात तिनं मान टाकली. दुसरी, तिसरी, तीच गत. मुलं हसू लागली. दारातून शिवाप्पा म्हणाला, "मास्तर, हवेत कापलीत न्हवं? देठानं वारं पिलं. मग पाणी कसं चढंल?"

"मग कुठं कापायची?"

"पान्यात बुडवून. आमी वेलाची फांदी तशीच कापतो." त्यानं मळ्यातलं पितळी घंगाळ आणलं, देठ पाण्याखाली धरून विळ्यानं छाटला आणि फूल शाईच्या पाण्यात ठेवलं. दुपारपर्यंत पाकळ्या लाल! मुलं त्याच्याभोवती गोळा झाली.

"पण पाणी वर वढतंय कोण, आप्पा?" एका मुलानं विचारलं.

"पान. ऊन पानातलं पानी नेतं, तसं खालचं वर येतं. आमच्या मोटंला बैल लागतो. वेलीचा बैल म्हंजे ऊन."

पंधरा वर्षं शिकवूनही मला असं वाक्य सुचलं नव्हतं...

पुढं तपासणीला साहेब आले. मी प्रयोग दाखवला आणि म्हणालो, "वेलीचा बैल म्हणजे ऊन." साहेब "वाह, मास्तर!" म्हणाले. शिवाप्पा दारातच होता. नुसता हसला. प्रयोगाखालच्या पाटीवर मी उर्दूत माझं नाव लिहिलं. त्यानं विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हणालो, "प्रयोगाचं नाव." तो म्हणाला, "लई झ्याक अक्षर हाय तुमचं." त्याला मराठी वाचता यायचं, उर्दू नाही. मला ते पक्कं ठाऊक होतं.

गेल्या साली अंमल बदलला. शाळेतल्या सगळ्या उर्दू पाट्या मराठीत लिहायचं काम माझ्याकडं आलं. एकूण बारा. यादी केली, रोज एक. ती पाटी मी मुद्दाम शेवटी ठेवली. मराठीत लिहिली तर तो वाचणार, आणि त्याचं नाव घालायला माझा हात तयार नव्हता. दोन मंगळवार तो आला, पान देऊन गेला. तिसऱ्या मंगळवारी तापाची बातमी... चौथ्याला मी मळ्यात उभा होतो.

आता तो वाचणार नाही. तरीही हेवा उतरत नाही.

घंगाळ शाळेतच राहिलंय. त्यात पाण्याखाली छाटलेली शेवंती आज चौथ्या दिवशीही ताठ आहे. अकरा पाट्या भिंतीवर लागल्या. बारावी समोर आहे, मथळा लिहून झालाय : 'वेलीचा बैल'. नावाची ओळ अजून कोरी.