रविवारचा दुखवटा

आप्पांनी घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या गयाकाकूंच्या हातात दिली आणि रेडिओ मात्र स्वतःच्या काखेत धरला. बाकीचं सामान गाडीच्या डिकीत गेलं. रेडिओ आईच्या जुन्या शालीत गुंडाळलेला होता. परभणीजवळच्या आमच्या गावापासून पुण्याजवळच्या मोशीपर्यंत तो आप्पांच्या मांडीवर बसून आला. वाटेत माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, दोनदा विचारलं की मागे ठेवू का. आप्पा म्हणाले, "राहू द्या जावईबापू, त्याचं काय ओझं?"

गावाकडचे तुम्ही सगळे फोनवर एकच विचारता, आप्पा रमले का तिकडे? आणि जे आमच्यासारखेच गाव सोडून कुठे कुठे जाऊन बसलेत, तेही हेच विचारतात, पण जरा वेगळ्या आवाजात, कारण त्यांच्याही आईबापांचा प्रश्न कधीतरी येणार असतो. फोनवर मी "हो, छान आहेत" म्हणून मोकळी होते. खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहायला बसले.

मी गावाहून निघाले तेव्हा आयटीआय नुकतंच झालं होतं. चाकणच्या एका कंपनीत गाडीच्या आतल्या रंगीत वायरींचे जुडगे बांधायचं काम मिळालं. एसटी स्टँडवर आप्पा म्हणाले होते, "करमलं नाही तर सरळ गाडीत बस आन् ये. दार काय कुठं जात नसतंय." कुरुळीत आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. कंपनीची बस चाकणच्या मार्केटवरून जायची आणि कांद्याचा वास ओढणीला चिकटून कामाच्या लाइनवर यायचा. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे आणि फोनवर "मस्त आहे" म्हणायचे. मग शिफ्ट, ओव्हरटाइम, रिजेक्शन असे शब्द तोंडात बसले, लग्न झालं, मुलगी झाली, मोशीत फ्लॅट झाला. पण घर म्हटलं की गावचं. मोशीला फ्लॅट, गावाकडे घर. आमच्याकडे सगळे असंच बोलतात आणि कुणाला त्यात काही खटकत नाही.

गेल्या वर्षी माघात आई गेली. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लाइनवर उभी होते. रडायचं राहूनच गेलं म्हणा. आप्पाही रडले नाहीत. आल्यागेल्याला चहा, भटजींना काय हवं-नको, यातच त्यांचे दिवस गेले. मग सगळे पांगले आणि ते एकटे राहिले. मला भाऊ नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीनंतर मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. म्हटलं, चला, करमलं नाही तर परत आणून सोडते. ते आले.

आणि नाही करमलं. आम्ही उठायच्या आत त्यांनी अंथरूण घडी करून ठेवलेलं असायचं. फ्रिज उघडायचा तरी विचारायचे. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हे ते तोंडाने बोलत नव्हते, पण निम्मी पोळी ताटात ठेवून उठायचे तेव्हा मला ते ऐकू यायचं. खाली सोसायटीचा बाक आहे, तिथं म्हातारी माणसं बसतात, जाऊन बघा, असं मी रोज म्हणायचे. ते एकदाही एकटे खाली उतरले नाहीत. खिडकीशी बसून रेडिओची खुंटी फिरवायची. आपल्याकडचं केंद्र इथे लागत नाही, नुसती खरखर. पौषात एक दिवस म्हणाले, वर्षश्राद्धाला जाऊ तेव्हा मला तिथंच राहू दे. मी रिझर्व्हेशन केलं. वरवर हो म्हटलं, पण मला रात्रंदिवस त्या बंद घरात एकटा स्टोव्ह पेटवणारा माणूसच दिसायला लागला. मला भीती वाटत होती, आणि रागही येत होता. हा राग कुणावर, ते सांगता आलं नसतं.

जायला आठवडा राहिला होता, तो रविवार. प्रकाशने मटण आणलेलं, मी कांदा परतत होते. आप्पा टोपी घालून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"सुमे, गॅस बंद कर. कोणीतरी मोठं माणूस गेलंय. दुखवट्याचं वाजवायलेत."

आत रेडिओवर खरंच व्हायोलिनं वाजत होती. तुमच्यातल्या थोरांना आठवत असेल, पूर्वी कुणी पुढारी गेला की रेडिओवरची गाणी बंद व्हायची. दिवसदिवस नुसती सारंगी, नाहीतर व्हायोलिन. गावात पहिला रेडिओ आप्पांच्या शिलाईच्या दुकानात, त्यामुळे बातमी आधी त्यांना कळायची. मशीन थांबवायचे, त्यावर कापड टाकायचे आणि चौकात जाऊन सांगून यायचे. वाईट बातमी आपल्यापाशी दाबून ठेवू नये, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या रविवारीही त्यांनी तेच केलं. मी मोबाइलवर बातम्या बघेपर्यंत रेडिओ काखेत मारून ते लिफ्टने खाली गेले होते. पहिल्यांदाच, एकटे. मी गॅस बंद केला आणि हळदीच्या हातांनी मागे धावले.

बाकावर तात्या आणि परबकाका होते. तात्या मूळचे मोशीचे. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांची. अजूनही रोज बांधावर आल्यासारखे येऊन बसतात आणि पार्किंगकडे बोट करून इथं आमची ज्वारी असायची म्हणतात. परबकाका कुडाळकडचे, पिंपरीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. दोघांच्या मध्ये आप्पांनी रेडिओ ठेवला आणि बातमी दिली. दोघेही मुकाट सरकून बसले. दुखवट्याची बातमी आणणाऱ्याला कुणी तू कोण म्हणून विचारत नाही.

मग तर्क सुरू झाले. दिल्लीचं कोणी असेल, तात्या म्हणाले. परबकाकांनी फोनवर पाहिलं, कुठेच काही नव्हतं. आप्पा म्हणाले, टीव्हीवाल्यांना मागाहून कळतं, आधी रेडिओला. सेकंड शिफ्टचे दोघे चहा प्यायला चालले होते. ते थबकले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की मग उद्या कंपनीला सुट्टी का? मला हसू आवरेना. तेवढ्यात व्हायोलिनं अशी काही पळायला लागली की परबकाकांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुखवट्याला एवढी घाई असते काय हो, त्यांनी विचारलं. हे तर वरातीसारखं चाललंय. आप्पा क्षणभर अडखळले आणि म्हणाले, परदेशातलं कोणी असेल, त्यांच्यात असंच वाजवत असतील. हे सगळ्यांना पटलं.

मग ती घाई थांबली. मागची वाद्यं खाली बसली आणि एकच व्हायोलिन राहिलं. एक सूर लांब ओढायचं, सोडायचं नाही, सोडता सोडता पुन्हा धरायचं. खाली कुणीतरी तारा हलकेच छेडत होतं. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. परबकाकांनी फोन खिशात टाकला. ते सुट्टीवाले दोघेही जागचे हलले नाहीत. "आता बरोबर वाजवायलेत," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघता बघता वाकडा झाला. ते रडत होते. परक्या माणसांत, भर उन्हात, धोतराचा सोगा तोंडावर न घेता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

कोण गेलं हे विचारायची गरज तात्यांना वाटली नाही. त्यांनी नुसता आप्पांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने आप्पाच बोलले, रेडिओकडे बघत.

"हिची आई गेली तवा ह्याच्यावर सोयाबीनच्या अळीचं सांगायले होते. मीच उठून बंद केला. त्यांना तरी काय माहीत. पर माझ्या मनात आलं, तिच्यासाठी कोणी घडीभर वाजवलं असतं तर."

मीही रडले. वर्षभराचं राहिलेलं होतं, ते सगळं निघालं. हळदीचे हात ओढणीला लागले, ते डाग अजून आहेत.

शेवटी पुन्हा व्हायोलिनं धावायला लागली, नाचायलाच लागली म्हणा, आणि कुणी तक्रार केली नाही. मग निवेदिका बोलली, इंग्रजीत. परबकाकांनी कान देऊन ऐकलं आणि जरा संकोचून सांगितलं की आज कोणी गेलेलं नाही. रविवारी सकाळी हे लोक जुनं परदेशी संगीत लावतात. ज्याने ही चाल बांधली तो जाऊन अडीच-तीनशे वर्षं झाली.

 आप्पा ओशाळून रेडिओची खुंटी चाचपायला लागले.

"म्हंजी बातमी जरा उशिरा आली म्हनायची," तात्या म्हणाले.

आप्पा आधी हसले, मग परबकाका. सुट्टी हुकलेले दोघे हसत चहाला गेले. आप्पा रेडिओ उचलून निघाले तसे तात्या उठले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, आज तुमच्यात चूल पेटवायची न्हाई. आमच्या घरनं भाकरी येईल."

आपल्याकडे दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. आईच्या वेळी गयाकाकूंनी आणली होती. मी इतकी वर्षं मनात धरून होते की मोशीत आपल्या घरात काही झालं तर ॲपवरूनच मागवावं लागेल. दुपारी तात्यांची सून फडक्यात बांधून भाकरी घेऊन आली, झाकणावर ठेचा. कोण गेलं, कधी गेलं, तिने काही विचारलं नाही. आप्पांनी भाकरी कुस्करली आणि ताटात काही न टाकता जेवले. प्रकाशने मटणाचं नावही काढलं नाही, याबद्दल मी त्याला जन्मभर मानीन.

त्यानंतर आप्पा रोज खाली जायला लागले. रेडिओ घेऊन, टोपी घालून. ते आता परत जाणार की राहणार, हे मी विचारलं नाही. विचारायचा धीरच होत नव्हता.

माघात आम्ही वर्षश्राद्धाला निघालो. बॅगा लिफ्टपाशी आल्या, आप्पा चप्पल घालून उभे. त्यांच्या काखेत काही नव्हतं. मला वाटलं विसरले. म्हटलं, आप्पा, रेडिओ राहिला की आत.

"राहू दे तिथंच," आप्पा म्हणाले. "न्यायचा आन् परत आणायचा. उगं ओझं."

तर सांगायचं एवढंच, की श्राद्ध नीट झालं, गयाकाकूंकडे किल्ली पुन्हा दिली आणि आम्ही परत आलो. रेडिओ मोशीत, खिडकीपाशी, आईच्या शालीवर आहे. आमच्या घरात.