तीन सरळ रेघा

माझे मालक, म्हणजे माझा नवरा, घड्याळं दुरुस्त करत. कळंबला बाजाराच्या रस्त्यावर आमचं एका दाराचं दुकान. मी चौथी शिकलेली. पण घड्याळाचे सुटे भाग पेट्रोलमध्ये धुवायचं काम तीस वर्षं मीच केलं. पुढं जोडणीही शिकले. गिऱ्हाइकांना मात्र त्यांच्याच हातचं काम हवं असायचं.

त्यांची एक रीत होती. काम झालं की घड्याळाच्या झाकणाच्या आतून सुईनं बेलाच्या पानासारख्या तीन बारीक रेघा ओढायच्या. खुणेशिवाय घड्याळ दुकानाबाहेर जात नसे. कुणी पुन्हा झाकण उघडलं तर हे काम कुणाच्या हातचं ते कळावं म्हणून.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. चावीची घड्याळं आणणारे आता थोडेच होते, तेवढ्यासाठी तरी हात चालावा एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

बेंबळीचे एक रिटायर गुरुजी पहिल्या पगारात घेतलेलं घड्याळ घेऊन आले. आतली केसाएवढी बारीक स्प्रिंग गुंतली होती.

"हे जमलं तर दुकान चालवीन," मालक मला म्हणाले. "न्हाय जमलं तर कुलूप. तू मधी पडू नको."

चार दिवस ते बसले. चिमटा स्प्रिंगला टेकला की हात हले आणि गुंता वाढे. मी बघत राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी गेले. मी डोळ्याला भिंग लावलं आणि स्प्रिंग सोडवली. तासभर लागला. घड्याळ चालू झालं. झाकण बसवण्याआधी हात आपोआप सुईकडं गेला आणि मी तीन रेघा ओढल्या. सवय, दुसरं काय.

ते आले. टिकटिक ऐकून दारातच थांबले.

"तुम्ही सकाळीच बरोबर बसवली होती की," मी म्हणाले. "नुसती चावी द्यायची राहिली होती."

"खरं म्हणतीस?"

"मग काय, देव येऊन करून गेला?"

ते हसले. कितीतरी महिन्यांनी. मला वाटलं, निभलं. मग त्यांनी खूण करायला झाकण उघडलं.

खूण आधीच होती. अलीकडं त्यांच्या रेघा करवतीच्या दातांसारख्या येत. या तिन्ही सरळ होत्या. त्यांनी रेघांवरून अंगठा फिरवला आणि झाकण लावलं.

तेवढ्यात गुरुजी आले. घड्याळ कानाला लावून म्हणाले, "आप्पा, तुमचा हात अजून तसाच हाय की! मला वाटलं, माझ्यासारखा तुमचाबी माल जुना झाला."

"व्हय," मालक म्हणाले.

गुरुजी गेल्यावर त्यांनी दुकानाची चावी माझ्यापुढं ठेवली.

"उद्यापासून दुकान तू उघडत जा."

"आणि तुम्ही?"

"माझं काय काम हाय आता?"

मी पाया पडले नाही, रडलेही नाही. भांडले मात्र. म्हणाले, तुमच्यासाठीच केलं. ते म्हणाले, "ठाऊक हाय." तेवढंच.

जमलं नसतं तर त्यांनी स्वतःच्या हातानं कुलूप लावलं असतं. ते ठरवणंही मी त्यांच्याकडून काढून घेतलं. हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. ओसरीवर उजवा हात मांडीखाली दाबून बसत. दुकानाचं विचारत नसत. एकदा मी एक चांगलं चालतं घड्याळ मुद्दाम बंद पाडून घरी नेलं. त्यांच्यापुढं धरून म्हणाले, "बघा बरं, कुठं अडलंय ते. मला काही कळंना."

त्यांनी घड्याळ हातात घेतलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"तुला कळतंय," ते म्हणाले.

मी घड्याळ परत पिशवीत टाकलं आणि भाकरी करायला आत गेले.