दापोडीतला समुद्र

दापोडीला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या मावशीच्या यजमानांनी मरेपर्यंत मान्य केली नाही. काका मूळचे रत्नागिरीकडचे खलाशी. ऐन उमेदीत मुंबईच्या एका साहेबाच्या शिडाच्या यॉटवरून महासागरापारच्या शर्यतीला गेले. स्वराज्य आल्यावर पिंपरीकडे कारखाने येऊ लागले, तेव्हा पोटासाठी तिथे चिकटले. पण मनाने यॉटवरून काही उतरले नाहीत. साहेबाने पुन्हा न्यायचा शब्द दिला होता आणि त्या शब्दावर हा माणूस जगत होता. कारखान्यात कायम करायची गोष्ट निघाली की म्हणत, "एकदा नांगर टाकला की उचलवत नाय!"

रेल्वेलगतच्या दोन खोल्यांत सगळा बोटीचा कारभार. झोप पाळीपाळीने. मावशी झोपली की हे जागे, हे झोपले की मावशीने जागायचं. "दोघंही निजलो तर सुकाणू कोण धरील?" नदी हाकेच्या अंतरावर, तरी आंघोळ एका तांब्यात, कारण गोडं पाणी जपून वापरायचं. जेवण खोल वाडग्यात, तेही गुडघ्यांत घट्ट धरून. घरातली प्रत्येक वस्तू दोरीने भिंतीला जखडलेली. लोणच्याच्या बरणीची गाठ सुटेपर्यंत पाहुण्याचा ताकभात झालेला असायचा. चाळ हसायची. मग एकदा मालगाडी अशी धडधडत गेली की चाळभर फळ्यांवरची भांडी खाली आली. ह्यांच्याकडे चमचासुद्धा हलला नाही. काका कमरेवर हात ठेवून दारात उभे राहिले नि म्हणाले, "हसा आता!"

त्या शर्यतीत त्यांची यॉट शेवटची आली होती. पोचले तेव्हा धक्क्यावर स्वागताला कुत्रंही नव्हतं. घरमालक, दापोडीतलेच जुने शेतकरी, खवचटपणे विचारत, "व्हय काका, शेवटून पयला नंबर का?" काका उसळत, "बाकीचे लवकर आटपून घरी गेले. सगळा समुद्र आम्हीच बघितला!"

पुढे गुडघा धरला, केस पिकले, आणि साहेबाची यॉट पुन्हा निघतेय अशी बातमी एका गाववाल्याने आणली. बोलावणं नव्हतं, नुसती बातमी. मावशी रडली. फोरमन म्हणाला, "गेलात तर नाव कमी होईल, काका." "तुमच्या भोंग्यावर मी जेवतो, नाचत नाय!" असं सुनावून, वळकटी काखोटीला मारून काका निघाले.

तिसऱ्याच दिवशी परत. सगळी चाळ दारात, त्यात मीही. "काय झालं?"

"साहेबाला मीच कामावरनं कमी केला," काका म्हणाले.

पुढचंही त्यांनीच सांगितलं, मान ताठ ठेवून. साहेबाने पाठ थोपटली, चहा पाजला आणि म्हणाला, थोडा वेळ पाहुणा म्हणून बस, निघायच्या आधी धक्क्यावर उतर. "यॉटवर पाहुणा नसतो," काका त्याला म्हणाले, "दोरी ओढायची, नायतर पाणी उपसायचं." आणि उतरून आले. मला त्या साहेबाचा संताप आला आणि काकांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

माणसं पांगली. काका अंगणात मुंबईकडे तोंड करून बसले. बऱ्याच वेळाने पुटपुटले, "एव्हाना निघाले असतील. वारा कसा आहे कोण जाणे."

मावशीने त्या यॉटला जन्मभर सवत म्हणून शिव्या दिल्या होत्या. ती चुलीपासून उठून बाहेर आली. बोट ओलं करून तिने वर धरलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "शिडात भरेल असा आहे हो. चांगला आहे."

वैशाखातली दुपार होती. दारच्या कडुलिंबाचं एक पान हलत नव्हतं.