नळीत उरलेलं पाणी

पिशवीतून ठिबकच्या काळ्या नळीचा हातभर तुकडा काढायचा, एका टोकातून जोरात फुंकायचं, समोर बसलेल्या पुरुषांकडे चष्म्यावरून बघायचं आणि म्हणायचं, “लाज घर ठेवा. नळी मी आणेल शे.” नानांची सभा अशी सुरू व्हायची.

नाना आमच्या आरोग्य केंद्राचे आरोग्य सेवक. मी तिथल्या जीपचा ड्रायव्हर. शिंदखेड्याच्या बाजूची तीसेक गावं आम्ही दोघांनी पालथी घातली. पुरुषाच्या कमरेखाली काय काय आहे आणि ते कसं चालतं, हे सांगायला सरकारनं नानांना एक रंगीत तक्ता दिला होता. तो पहिल्याच गावात उघडला तेव्हा माणसं इतकी वेगानं पळाली की वाटेतल्या दोन बैलगाड्या मागं पडल्या. बैलही लाजून धावत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून तक्ता जीपच्या सीटखाली आणि नळी नानांच्या हातात.

खानदेशातल्या शेतकऱ्याला ठिबक कळतं, म्हणून नाना ठिबकच्या भाषेत बोलायचे. दोन गोळ्या म्हणजे बियाण्याची कोठारं. ती शरीराबाहेर का टांगलीत? “बियाणं उन्हात ठेवतस का कोणी?” त्यांना थोडा गारवा लागतो. एक गोळी जरा खाली असते, तो बिघाड नव्हे. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी हात फिरवून बघा. खड्यासारखं काही लागलं तर डॉक्टरकडे जा, भगताकडे नाही. झोपेत कधी ओव्हरफ्लो झाला तर विहीर आटत नाही, त्यासाठी बाजारातल्या तंबूवाल्याचं चूर्ण घेऊ नका. लघवीला आग झाली, फोड आला, पू आला तर बायकोलाही सोबत आणा, कारण पाणी दोन्ही शेतांत फिरलेलं असतं. सत्तर वर्षांचे आबालोक मान डोलवायचे. त्या चूर्णवाल्यानं नानांमुळे तंबू विकून रसवंती टाकली, असं मी सगळीकडे सांगतो. तंबू विकला एवढं तरी खरं आहे.

शेवटी नसबंदी. दोन बारीक नळ्या, दोन वाल. वाल बंद, मोटर चालूच. ताकद जात नाही, मजा जात नाही, फक्त बियाणं पुढं जात नाही.

इथपर्यंत मी मीठ-मसाला लावून सांगतो. पुढचं जसं झालं तसं सांगतो.

एका गावात मारुतीच्या पारावर सभा होती. तीन मुलींचा बाप असलेला एक कापूसवाला उभा राहिला. दणकट गडी, पण आवाज खाली. “नाना, मोटर पक्की चालू राहीन ना?” मी जीपला टेकून उभा होतो. माझ्या तोंडाला कधी झाकण नव्हतं. मी ओरडलो, “भाऊ, तुनी मोटर तं पहिलेपासूनच सिंगल फेजवर शे!”

अख्खा पार हसला. माणसं एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होती. नानाही हसले, डोळे पुसले, आणि हसता हसता नळी पिशवीत टाकून निघाले. तो कापूसवाला हसला नाही. नसबंदीच्या पुढच्याच कॅम्पला त्यानं पहिलं नाव दिलं.

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी तो केंद्रात आला. नानांपुढं दोन कागद ठेवले. एक बायकोचा होता, तिला तिसरा महिना सुरू होता. दुसरा धुळ्याच्या तपासणीचा, त्याचा स्वतःचा, त्याच आठवड्यातला. बियाणं शून्य. “नाना, तुम्हीच वाल बंद करायला लावला. मंग हाई कोनं?” बायकोला त्यानं पिंपळनेरला माहेरी पोचवलं होतं. मुली तिच्या मागं लागल्या तर त्यांनाही तिथंच सोडून आला होता.

नानांनी दोन्ही कागद वाचले, तारखा पाहिल्या आणि चष्मा काढला. ऑपरेशननंतर तीन महिने सांभाळून राहायचं, मग तपासणी करायची, ती कोरडी आली तरच मोकळं व्हायचं, हे त्यांचं शेवटचं वाक्य असायचं. त्या गावात ते वाक्य राहिलं होतं. कॅम्पात त्याला हेच छापलेला कागद मिळाला होता, पण तो घडी करून पेटीत गेला.

नानांनी मला जीप काढायला सांगितली. त्याच्या शेतात गेलो. नानांनी मोटर चालू करायला लावली, नळ्या भरू दिल्या, मग स्वतः वाल बंद केला आणि बांधावर बसले. आम्ही तिघं बसलो. वाल बंद होता. कापसाच्या बुडाशी थेंब पडत होता. पुन्हा पडत होता. मला तेव्हा काय वाटत होतं ते आठवत नाही, हाताला स्टिअरिंगचा वास येत होता एवढं आठवतं. बऱ्याच वेळानं थेंब थांबले. त्यानं वाकून माती चाचपली आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

संध्याकाळी नाना त्याच पारावर उभे राहिले. नळी काढली नाही, फुंकली नाही.

“वाल बंद करा तरी नळीमा पाणी राहस. तीन महिने राहस. हाई सांगानं मी इसरी गऊ. चूक मनी शे. तिनी नही.”

कोणीतरी विचारलं, इतक्या सभा घेतल्या, इथंच कसे विसरलात? नानांनी जीपकडे पाहिलं. मी जीपला टेकूनच उभा होतो. मग ते म्हणाले, “वय झालं.”

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आम्ही पिंपळनेरला गेलो. त्याची बायको दारात उभी होती. नवऱ्यानं खाली मान घालून थेंबांची सगळी हकिकत सांगितली. तिनं ऐकून घेतली.

“मी सांगं ते पटनं नही,” ती म्हणाली. “नळीनी सांगं, मंग पटनं.”

ती मुलींना घेऊन जीपमध्ये मागं बसली. शिंदखेड्यापर्यंत धाकटी पोरगी खिडकीतून खांब मोजत होती. मी आरशात बघायचं टाळलं.

नंतर नाना सभेत तीन महिन्यांचं आधी सांगायचे, बाकीचं मग. लोक हसले तर हसू संपेपर्यंत गप्प राहायचे. त्या विनोदाबद्दल मला त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. नाना निवृत्त होऊन जळगावला लेकीकडे गेले आणि गेल्या उन्हाळ्यात तिथंच वारले. पिशवीतली नळी त्यांनी निवृत्त होताना जीपच्या खणात ठेवली होती. ती अजून तिथंच आहे.

आता नवीन आरोग्य सेवक आहे. चांगला आहे, मोबाइलवर चित्रं दाखवतो. सभा संपवताना तो विचारतो, अजून कोणाला काही? तेव्हा मी जीपजवळून हात वर करतो.

“तीन महिने,” मी म्हणतो.

ड्रायव्हर बोलला म्हणून माणसं हसतात. मी हसू थांबेपर्यंत उभा राहतो आणि पुन्हा सांगतो.